मरोळच्या टॉवरमधला सायकल स्टँड

समजा, तुमच्यावर एक काम आलं: सोसायटीत घरोघरी जायचं, बेल दाबायची आणि ज्याने नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नाही त्याला सांगायचं, "गाडी राहू दे, उद्यापासून सायकल काढ, नाहीतर बसने जा." दार किती वेळ उघडं राहील? करून बघा.

मरोळच्या वनमाला परबांनी हे केलं, तेही हौसेनं नाही. चाळ पाडून टॉवर उभा राहिला तेव्हा गाड्यांना दोन अख्खे मजले मिळाले, सायकलला वीतभर जागा नाही. वनमालाबाई औद्योगिक वसाहतीतल्या पॅकिंगच्या कारखान्यात सायकलने जातात. लिफ्टमध्ये सायकल न्यायला बंदी, म्हणून ती खांद्यावर घ्यायची आणि सातव्या मजल्यापर्यंत जिने चढायचे. गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी पार्किंगमध्ये एक कोपरा मागितला.

सेक्रेटरी सुबोध सरमळकर नुकताच पर्यावरणप्रेमी झाला होता. म्हणाला, "काकू, एकट्या तुमच्यासाठी स्टँड कसा करणार? लोक तयार करा, लगेच करतो."

काकू निघाल्या. चौथ्या मजल्यावरची तेजल म्हणाली, "सायकलवर घाम येतो ना, काकू." ही तेजल रोज गाडीने जिमला जाते आणि तिथल्या जागेवरून न हलणाऱ्या सायकलवर तासभर पाय मारते.

"मग जिममधली सायकल काय पंखा घालते गो तुला?" काकूंनी विचारलं. दार लागलं.

राजेशच्या तर खिडकीतून मेट्रो दिसते. तो म्हणाला, "मेट्रो झकास आहे, काकू. सगळ्यांनी मेट्रोनेच जायला पाहिजे. रस्ता रिकामा झाला की मला गाडी काढायला बरं."

वनमालाबाईंनी पवित्रा बदलला. प्रत्येक दारात नुसतं एवढंच म्हणायला लागल्या, "समोरच्या टॉवरवाल्यांनी आरे कॉलनीत सायकल रॅली काढली म्हणे. फोटो काय सुंदर आलेत!" पटवून जे झालं नाही ते जळवून झालं. आठवडाभरात गिअरच्या सायकली आल्या, हेल्मेटं आली, टी-शर्टांचा रंग ठरवताना दोन घरांत अबोलाही झाला.

रविवारी वरात निघाली. सायकली गाड्यांच्या पाठीला बांधल्या आणि मंडळी एसी लावून आरेला पोचली. गोठ्यांपासून चहाच्या टपरीपर्यंत सायकल हाकली, फोटो काढले, गाडीत बसून परत. मरोळहून सायकल मारत गेलेल्या एकट्या वनमालाबाई. पण त्यांना कसलं दुःख नव्हतं, कारण संध्याकाळी सुबोधने नारळ फोडून स्टँडचं उद्घाटन केलं.

सोमवारी त्या कामावरून परतल्या, तर स्टँड गच्च भरलेला. प्रत्येक सायकलवर कव्हर, प्रत्येकीला साखळी. सगळ्यांचे मालक सकाळीच गाड्या काढून गेलेले. सुबोध तेवढ्यात गाडी लावून उतरत होता.

"अरे, माझी कुठे लावू?"

"काकू, जरा समजून घ्या. तुमची सायकल रोज आतबाहेर करणार. धक्का लागून दुसऱ्यांच्या महागाच्या सायकली खराब होतील. आणि तुम्हाला काय, वर न्यायची सवय आहे."

काकूंनी सवयीने सायकल खांद्यावर घेतली आणि परत खाली टेकवली, बरोब्बर त्याच्या वाटेत.

"सुबोध, मेल्या, लोक मी तयार केले. आता एवढंच सांग, जी सायकल रोज चालता, ती ठेवायची खंय?"