रुचा मावशीची पदवी आणि आमची इस्त्री

अन्वी आणि ईशान, तुमच्या रुचा मावशीची पदवी मी इस्त्रीने जाळली, ही गोष्ट खरी नाही. इस्त्री आजोबांच्या हातात होती. मी फक्त सूचना देत होते.

हे आत्ताच लिहायचं कारण असं, की नाताळच्या सुट्टीत मावशी हनोईहून तुमच्याकडे पर्थला येणार आहे. आली की पहिल्याच जेवणाला ती हा किस्सा सांगणार, हातवारे करून सांगणार, आणि त्यात मला खलनायिका करणार. तिच्या आधी माझी बाजू पोहोचलेली बरी. तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवेल. (मेघना, हसू आलं तरी वाक्यं गाळायची नाहीत.)

रुचा तेव्हा मोहालीच्या एका क्लासमध्ये, परदेशी निघालेल्या मुलांना इंग्रजी शिकवायची. आमच्या चंडीगडात दोन माणसं भेटली की ती तिसऱ्याच्या व्हिसाबद्दल बोलतात. व्हिसा आला की मुलं मॅडमसाठी लाडवांचा डबा घेऊन यायची. आमच्या फ्रिजमध्ये दुसऱ्यांच्या व्हिसाचे लाडू कायम असायचे! एक दिवस रुचाने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "आई, लाडू खूप झाले. आता मीच जाते."

तिने खरंच अर्ज केला. हनोईच्या एका शाळेला इंग्रजीची शिक्षिका हवी होती. मुलाखत आमच्या दिवाणखान्यातून, लॅपटॉपवर झाली. मुख्याध्यापिका मिस लान यांनी तिला एक धडा शिकवून दाखवायला सांगितलं. ती 'उजवीकडे वळा, डावीकडे वळा' शिकवत असताना आजोबा मागून चहाचा कप घेऊन चालले होते, तेही आज्ञाधारकपणे उजवीकडे वळले आणि पडद्यात अडकले. मिस लान म्हणाल्या, शिक्षिका प्रभावी आहे. नोकरी मिळाली!

आता राहिले कागद. शेजारच्या ग्रेवाल भाभींच्या आग्रहाखातर आम्ही सेक्टर १७ मधल्या एका एजंटकडे गेलो. त्याने रुचाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"देखो जी, टूरिस्ट वीज़ा पे भेज देते हैं. बेटी पढ़ाना शुरू कर दे. कागज़ बाद में बनते रहेंगे."

"और पकड़ी गई तो?" मी विचारलं.

"लो जी! टीचर को कौन पकड़ता है?"

मी उठले. "हमारे घर में सब काम कायदे से होता है," असं त्याला ठणकावून सांगितलं आणि रुबाबात बाहेर पडले. (पर्स त्याच्या टेबलावर राहिली. ती आणायला रुचाला पाठवलं.)

मग मिस लान यांच्याकडून कायदेशीर कामासाठी लागणाऱ्या कागदांची यादी आली. पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला आणि मूळ पदवी. पदवीच्या पाठीमागे आधी इथल्या प्रशासनाचा शिक्का, मग दिल्लीला मंत्रालयाचा, मग वकिलातीचा. हे सगळं दोन महिन्यांत हवं होतं. नाहीतर मनिलाचा एक उमेदवार प्रतीक्षा यादीवर होता, जागा त्याला जाणार होती. रुचा यादी वाचून घाबरली. मी खूश झाले. मी शाळेतली बाई, यादी हा माझा प्रांत आहे!

"तुझे सगळे मूळ कागद माझ्या निळ्या फायलीत आहेत," मी म्हणाले. "क्रमाने. आणि अशा स्थितीत, की शंभर वर्षं काही होणार नाही."

हे शंभर वर्षांचं प्रकरण समजावून सांगायला हवं. आजोबांची पोस्टिंग आसामात असताना त्यांच्या इंजिनियरिंगच्या प्रमाणपत्राला वाळवी लागली. हवाई दलातल्या माणसाचं प्रमाणपत्र जमिनीवरच्या किड्यांनी खावं, याचा मला जबर धक्का बसला. तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक कागद मी लॅमिनेट करून घेते. जन्मदाखले, गुणपत्रिका, गॅसचं पुस्तक, चकलीच्या भाजणीचं प्रमाण! मनीमाजऱ्याच्या बाजारात एक लॅमिनेशनवाले आहेत, खुराणाजी. मी दिसले की ते मशीन आधीच गरम करायला ठेवतात. शिवाय मी काटकसरी. एका प्लास्टिकमध्ये एकच कागद घालणं मला पटत नाही. दोन कागद पाठीला पाठ लावून घालायचे, म्हणजे निम्मं प्लास्टिक वाचतं.

तर आम्ही शिक्क्याच्या खिडकीवर गेलो. आतल्या गृहस्थांनी पदवी हातात घेतली आणि तिच्यावर नखाने टकटक केलं.

"मैडम, ये तो लैमिनेट है."

"हाँ जी," मी अभिमानाने म्हणाले. "बढ़िया क्वालिटी का."

"इस पे मोहर नहीं लगेगी. स्याही टिकती नहीं."

"आप लगाकर तो देखिए."

त्यांनी पदवी पालथी केली आणि बराच वेळ वाचत राहिले. मग चष्मा वर करून अत्यंत आदराने विचारलं, "ये ब्राउनी जी भी टीचर हैं?"

रुचाच्या पदवीच्या पाठीला आमच्या ब्राउनीचा रेबीजच्या लशीचा दाखला होता. जात लॅब्राडोर, रंग तपकिरी, स्वभाव शांत.

रांगेतल्या लोकांनी माना पुढे काढल्या. रुचाने फक्त "आई" एवढंच म्हटलं. तुमची मावशी ओरडते तेव्हा काळजी नसते. ती एकच शब्द बोलते तेव्हा असते.

"बिना लैमिनेशन का लाओ, आज ही कर देंगे," ते गृहस्थ सौजन्याने म्हणाले.

घरी आल्यावर रुचा खोलीत जाऊन दार लावून बसली. आजोबांनी मात्र प्लास्टिक उजेडाला धरलं. विमानांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस!

"हे उष्णतेने चिकटलंय," ते म्हणाले, "म्हणजे उष्णतेनेच सुटणार."

"आधी दुसऱ्या कागदावर प्रयोग करा," मी म्हणाले. (ही सूचना माझी होती, याची नोंद घ्यावी.)

रुचाचं दुसरीतलं लिंबू-चमचा शर्यतीचं प्रशस्तिपत्र घेतलं. हेअर ड्रायरने कोपरा गरम केला, आणि काय सांगू, प्लास्टिक सुटलं! लिंबाचं चित्रही त्याच्याबरोबर सुटलं, पण ते आम्ही मनावर घेतलं नाही. पदवीवर मात्र ड्रायर दहा मिनिटं चालवूनही काही हलेना. खुराणाजींनी मला नेहमीच जाड प्लास्टिक दिलं होतं. जुनं गिऱ्हाईक ना मी!

तेवढ्यात ग्रेवाल भाभी आल्या. त्यांना खिडकीपासून सगळं सांगावं लागलं.

"ओ जी, गरम नहीं, ठंडा! फ्रीज़र विच रखो, आपे छुट जाऊ." (म्हणजे आपोआप सुटेल.)

"आपने किया है कभी?"

"मैं? ना जी. पर लॉजिक तो है."

पदवी तासभर मटारांच्या पिशवीखाली ठेवली. बाहेर काढली तेव्हा ती गार होती आणि तिला मटारांचा वास येत होता. बाकी फरक नव्हता.

आता उरली इस्त्री. डायनिंग टेबलावर माझी जुनी सुती साडी चार पदरी घातली. पदवी त्यावर, वर रुमाल.

"अहो, सिल्कवर ठेवा."

"सिल्कने काय होणार? कॉटनवर लागेल."

"कॉटन फार गरम होतं."

"अगं, मी टर्बाइनं हाताळली आहेत!"

"त्यांच्यावर कुणाच्या सह्या नव्हत्या."

"भाजी, हल्का हाथ रखो, हल्का," ग्रेवाल भाभी टेबलाच्या टोकावरून म्हणाल्या. (पंजाबीत भाजी म्हणजे भाऊ.)

रुचा आवाज ऐकून बाहेर आली. "बाबा, काय चाललंय?" असं ती म्हणते न म्हणते तोच लॅपटॉप वाजला. मिस लान! कागद कुठवर आले, ते विचारायला. रुचा लॅपटॉपकडे धावली. मी केस नीट करत तिच्या मागे उभी राहिले, कारण परदेशी बाईंना घर व्यवस्थित दिसलं पाहिजे. आजोबाही आले, नमस्कार करायला. त्यांना वाटलं, इस्त्री मी उचलली. मला वाटलं, ग्रेवाल भाभींनी उचलली. ग्रेवाल भाभी तर पहिल्यापासून कॅमेऱ्यात मावायचा प्रयत्न करत होत्या.

"कागदांचं सगळं ठीक आहे ना?" मिस लान यांनी विचारलं.

"अगदी ठीक," रुचा म्हणाली.

"तुमच्या मागे ढग कसला आहे?"

आम्ही चौघंही वळलो.

"आईबाबा स्वयंपाक करताहेत," रुचा म्हणाली. तिचा आवाज जराही कापला नाही. तेव्हाच मला कळलं, ही मुलगी कुठल्याही वर्गासमोर उभी राहू शकेल.

रुमाल उचलला. पदवीच्या मधोमध एक तपकिरी होडी उमटली होती. होडीच्या पोटात रुचाचं नाव गेलं होतं, विषय गेले होते, कुलगुरूंची सही गेली होती. पालथ्या बाजूचा ब्राउनीचा दाखला मात्र धडधाकट!

रुचा खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. आवाज न करता. मी बेत आखते, सूचना देते, पण त्या क्षणी मी फक्त इस्त्रीचा प्लग काढला. एजंटसमोर कायद्याच्या गप्पा मी मारल्या होत्या, आणि कायदेशीर मार्गात एकच अडथळा निघाला होता, तो म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी खुराणाजींना जाब विचारायला गेले. त्यांनी तो अवशेष उलटसुलट पाहिला.

"मैडम जी, आपने तो दो कागज़ पीठ से पीठ लगवाए थे."

"हाँ, तो?"

"तो पीठ पे तो प्लास्टिक लगा ही नहीं! ब्लेड से तीन किनारे काटते, कुत्ते वाला अलग, डिग्री की पीठ खाली. मोहर तो पीठ पे ही लगनी थी ना?"

मी ब्लेडकडे पाहिलं. ब्लेड आमच्या घरीही होतं. खिडकीवरच्या गृहस्थांना ते चाललं असतं की नाही, हे मी आजतागायत विचारायला गेलेली नाही. काही गोष्टी माहीत नसलेल्याच बऱ्या.

मग विद्यापीठ, दुसरी प्रत मिळवण्यासाठी. अर्जाबरोबरच्या शपथपत्रात एक रकाना होता, मूळ पदवी नष्ट होण्याचं कारण. हरवली, चोरीला गेली, आगीत जळाली, पुरात गेली, उंदरांनी खाल्ली. शेवटी 'इतर'. रुचाने 'आगीत जळाली'वर पेन टेकवलं, थांबली, खाली गेली आणि 'इतर'पुढे एकच शब्द लिहिला, 'आई'.

"रुचा, हा सरकारी अर्ज आहे!" मी म्हणाले.

"आई, मी शपथपत्रावर खोटं लिहू का? आपल्या घरात सगळं कायद्याने होतं ना?"

काउंटरवरच्या बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. "मेरे घर में सासू माँ हैं," असं हळूच म्हणाल्या आणि अर्ज दाखल करून घेतला. ती जळकी पदवीही जमा करून घेतली.

दुसरी प्रत कधी येणार, तिन्ही शिक्के कधी बसणार, याचा हिशेब केला तर रुचाला रुजू व्हायला दहा दिवस उशीर होत होता. मिस लान यांना कळवायला तर हवं होतं. रुचाला धीर होईना. तेव्हा मी टेबलाशी बसले आणि त्यांना इंग्रजीत चार पानी पत्र लिहिलं. वाळवीपासून ब्लेडपर्यंत, क्रमाने, परिच्छेद पाडून. शेवटी लिहिलं, यात तुमच्या शिक्षिकेचा काही दोष नाही, तिची जागा दुसऱ्याला देऊ नये.

चार दिवस उत्तर नाही. रुचा जेवेना. आजोबांनी घरातली सगळी उपकरणं प्लगमधून काढून ठेवली होती, फ्रिजसुद्धा. (मटार वाया गेले.) पाचव्या दिवशी मेल आली. 'जागा दोन आठवडे राखून ठेवत आहोत. पत्र शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचलं. वरच्या वर्गाला उताऱ्यासाठी वापरण्याची परवानगी द्यावी.'

मी परवानगी ताबडतोब दिली. रुचा ठरल्यापेक्षा दहा दिवस उशिरा गेली, सगळे शिक्के पाठीवर असलेली पदवी घेऊन, वर्क परमिटवर, ताठ मानेने. विमानतळावर तिने मला घट्ट मिठी मारली. फाईल मात्र हातात दिली नाही.

पहिल्या परीक्षेनंतर तिने उताऱ्याची प्रश्नपत्रिका पाठवली. प्रश्न तिसरा : 'माझी चूक झाली' असं लेखिकेने कोणत्या परिच्छेदात म्हटलं आहे? उत्तरसूचीत लिहिलं होतं, कोणत्याही नाही. मी चारही पानं पुन्हा वाचली. उत्तरसूची बरोबर आहे.

तीस वर्षं मी चंडीगडच्या मुलांना इतरांचे धडे शिकवले. माझा स्वतःचा असा एकच धडा पाठ्यक्रमात लागला, आणि तो 'काय करू नये' या विभागात. हनोईत तो अजून शिकवला जातो.