आठ आणि नऊच्या मध्ये

या, अशा जवळ बसा, घोंगडीवर. महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी खाऊन येता आणि इकडं दहिवडीच्या बाजूला गाडी वळवायची म्हटली की तुम्हाला ऊन लागतं होय? मग आमचे धाकटे दीर तुम्हाला कळणार कसे! एवढा मार खाऊन त्याबद्दल इतका समाधानी असलेला माणूस सातारा-सांगलीत दुसरा दाखवा.

भाऊजी मिलिटरीतले बॉक्सिंगचे चॅम्पियन. लोकांना वाटतं, कुणी धिप्पाड गडी असेल. समोर येतात ते काटकुळे, नाकाला दोन वळणं असलेले. नातवंडांनी विचारलं की नाकावर बोट ठेवून सांगतात, "ह्यो जालंधर, आन ह्यो बेळगाव." एकदा मी विचारलं, ही विद्या शिकलात कुठं? तर म्हणाले, "एडक्याकडनं. एडका अंगावर आला की मागं पळायचं न्हाई वहिनी, टक्कर लागायच्या आत बाजूला व्हायचं." मेंढरं राखताना शिकलेल्या तेवढ्याशा गोष्टीवर त्यांनी घरात सुवर्णपदकं आणली. वजन वाढलं तर गट बदलेल या धास्तीनं सुट्टीवर आले तरी रोज लोकर तोलायच्या काट्यावर बसायचे. स्वतःच्या लग्नात जाऊबाईंनी जिलबीचा घास पुढं केला, तर हे म्हणाले, "निम्माच. सोमवारी वजन हाय." सासूबाई कडाडल्या, "आरं, लगीन हाय का तुला?" आणि ज्यांना ज्यांना पाडलं त्यांना दिवाळीला न चुकता फोन. फराळाचं नंतर, आधी, "जबडा ठीक है ना, भाई?"

जाऊबाई गेल्यापासून ते माझ्याच हातची भाकरी खातात. आता गुडघे ऐकत नाहीत. मुलगा तिकडं कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात. त्यानं बजावलं, "दादा, आता पडलात तर न्यायला येणार." भाऊजींनी त्यावर बॉक्सिंगमधलाच नियम काढला. दहा मोजायच्या आत उठलो तर ते पडणं धरायचं नाही. दहा झाले, तर मीच फोन लावीन आणि निमूट जाईन. जन्म माळावर काढलेला हा माणूस, कोइमतूरच्या तिसऱ्या मजल्यावर काय करणार होता?

मागच्या महिन्यात सकाळी वाघरीजवळ, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाजवळ, पडलेच. मी चुलीपासून धावले, तर झोपल्या झोपल्या हात वर. "हात लावू नका वहिनी. मोजा."

मोजायला लागले. पाचाला कोपर टेकलं. सातला एक गुडघा वर आला आणि पुन्हा बसला. आठ म्हटलं आणि माझी जीभ उचलेना. म्हटलं, "थांबा, दूध उतू जातंय." आत गेले, दूध उतरवलं, झाकण ठेवलं, परत आले. भाऊजी वाघरीची मेख धरून उभे होते, धापा टाकत.

"नऊ," मी म्हटलं.

"वहिनी," ते म्हणाले, "एवढ्या फायटी केल्या, पण असा लबाड पंच न्हाई बघितला." हसले, आणि तोंड फिरवून मेंढरं मोजायला लागले.

कोइमतूरला काही कळवलं नाही. पण आता आठवड्यातनं एकदा तरी मोजायची वेळ येते. दूध झालं, कोंबड्या हाकून झाल्या, दारातल्या पाहुण्याला "आले, आले" म्हणून झालं, आणि पाहुणा कुणी नव्हताच. आठानंतर दरवेळी नवीन काम कुठनं काढू? तेव्हा पुन्हा लवकर या. आणि आलात की दारातनंच मोठ्यानं हाक मारा.