लॉर्डांखालची ओळ

फ्रेमकाका चित्राला हात लावण्याआधी पोटभर हसून घेत. दुबईतल्या रास अल खोरच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये करवतीच्या आवाजावरही ते हसू ऐकू यायचं. काका मूळचे गिरगावचे, शिक्षण मॅट्रिक, तीस वर्षं धंदा फ्रेमिंगचा. "कोणावर हसायचंय ते कळल्याशिवाय मी खिळा मारत नाही," असं ते ऐटीत सांगत.

मी तेव्हा दुबईत इंटिरियर डिझायनर म्हणून नवीनच लागले होते. आमच्या क्लायंटने हॉटेलच्या लाउंजसाठी अकरा जुनी इंग्लिश चित्रं घेतली होती. जॉर्ज राजांच्या काळातली, शर्यतींच्या शौकीन सरदारांची टिंगल करणारी. डोक्यावर विग, सुजलेला पाय स्टुलावर आणि डोळे घोड्यावर, असले एकेक लठ्ठ लॉर्ड. मला ती नुसती 'हॉर्स थीम' वाटली होती. काकांनी मात्र भिंग घेऊन प्रत्येक चित्राखालची बारीक ओळ वाचली. शब्द अडला की मुलीला फोन लावायचे. "बाबा, आय ॲम इन अ मीटिंग!" असं ती ओरडायची, पण अर्थ सांगायची.

"हे बघ," काका मला म्हणाले, "ह्याने शर्यतीत अख्खं गाव घालवलं. आता घोडाच ह्याला विकायला काढतोय, असं लिहिलंय खाली! आणि चेहरे बघ गं. अक्कल फक्त घोड्याला दिलीय."

घोटाळा माझ्यामुळे झाला. सोनेरी फ्रेम्स क्लायंटने इटलीहून मागवल्या, त्या मी दिलेल्या मापांनी; काकांनी त्यात चित्रं फक्त बसवायची होती. मी माप घेतलं नुसत्या चित्राचं. खालच्या ओळीची दोन इंची पट्टी धरलीच नव्हती. उद्घाटन चार दिवसांवर आलेलं.

"काका, खालचं तेवढं कापून टाका ना."

त्यांनी कटर बाजूला ठेवला. "अगं, टोमणा सगळा त्या ओळीतच आहे. चार दिवसांत मी नव्या फ्रेम्स करतो. पैसे नकोत. पण कापणार नाही."

नव्या फ्रेम्स म्हणजे बॉसला चूक सांगणं आलं. माझं प्रोबेशन चालू होतं, नोकरी जाईल या धास्तीने मला काही सुचेना. मी चित्रं उचलली आणि दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानात नेली. तिथला माणूस म्हणाला, "दो मिनट का काम है, मॅडम." खरोखरच दोन मिनिटांत झालं.

उद्घाटनाला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाहुणे त्या लॉर्डांच्या शेजारी रुबाबात उभे राहून फोटो काढत होते. काका एकेका चित्रापुढे थांबत शेवटपर्यंत गेले. "छान दिसतायत," मला म्हणाले. "आता खरंच लॉर्ड झाले."

पुढची दोन वर्षं त्यांनी माझी सगळी कामं चोख केली. त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही, आणि माफी मागायचं धाडस मला झालं नाही. मग वर्कशॉप बंद करून ते कायमचे मुंबईला निघाले, तेव्हा एअरपोर्टवर सोडायला मीच गेले. आज बोलायचंच, असं ठरवून मी गाडीत तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "नोकरी टिकली ना तुझी तेव्हा? मग खलास. सोड आता ते."

प्रोबेशनचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मला रडू आवरेना. शेवटी गाडी बाजूला घ्यावी लागली.