चेंबरचं दार लावल्यावर

आमच्या रिपोर्टमध्ये दोनच शब्द मावतात: पास किंवा फेल. उरलेलं आम्ही फिल्टर कॉफीबरोबर एकमेकांना सांगतो. आणि शोळिंगनल्लूरच्या आमच्या लॅबमध्ये उरतं फार!

काम साधं. दवाखान्यातलं यंत्र चेंबरमध्ये ठेवायचं, दार लावून त्याच्यावर रेडिओलहरी सोडायच्या आणि ते बिघडतं का, हे बाहेर स्क्रीनवर बघायचं. चेंबर म्हणजे लोखंडी खोली, भिंतीभर काळ्या फोमचे सुळके. आत मोबाइलला रेंज नाही.

मी सांगलीची, नवी. पहिल्याच दिवशी आत बारीक 'सूंऽऽ' ऐकू आलं. "पंखा चालू आहे का?" माझे सीनियर माधवराव, तंजावरकडचे मराठी, शांतपणे म्हणाले, "पंखा नव्हे, अम्मा. तुमचेच कान!"

मग ती डेंटिस्टची खुर्ची. मोटर दोन मिनिटं चालवायची, अठरा मिनिटं थांबवायची. थांबलेली असताना एका फ्रीक्वेन्सीला खुर्ची आपोआप मागे झुकली. सावकाश, कुणाला तरी निजवावं तशी! पायाच्या स्विचच्या वायरने लहर पकडली होती, एवढंच. पण ती सरळ करायला आत कोण जाणार, यावर बराच वेळ चर्चा चालली!

बीपीच्या यंत्राचा पट्टा आम्ही प्लॅस्टिकच्या पाइपला गुंडाळतो. एकदा रीडिंग आलं: एकशेवीस-ऐंशी. माधवराव म्हणाले, "माझ्याहून पाइप बरा!"

पण ते ईसीजीचं यंत्र! दर दहा मिनिटांनी जागं व्हायचं, अर्धं मिनिट नोंद करायचं, पुन्हा झोपायचं. लहरी बंद, दार उघडं, वायरी टेबलावर मोकळ्या. माधवराव आत टेबल सरकवत होते. स्क्रीनवर ठोके उमटले.

"राव, वायर धरलीत का?"

"नाही, अम्मा." त्यांनी दोन्ही हात वर केले.

ते बाहेर आले. पुढच्या नोंदीत सरळ रेघ. आत गेले, पुन्हा ठोके. दर चौथा गायब.

मी त्यांची नाडी धरली. चौथा ठोका नव्हता.

"परवा इल्ले, काही नाही," ते हसले. मी ऐकलं नाही. ऑटोत घालून थेट हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, "आज आलात म्हणून वाचलात."

दोन महिन्यांनी ते ठणठणीत होऊन कामावर आले. तेच यंत्र रीटेस्टला आलं होतं. माधवराव स्वतः आत जाऊन उभे राहिले. यंत्र जागं झालं. अर्धं मिनिट सरळ रेघ. असंच तर हवं होतं!

"पास!" मी ओरडले.

ते बाहेर आले, स्क्रीनकडे बघत राहिले. मग मनगट माझ्यापुढे धरलं.

"अम्मा, आहे का बघा."