राघूची तपकीर

लढाईच्या दिवसांत छापखान्यातला चित्रं काढणारा माणूस काम सोडून नगरच्या लष्करात पाट्या रंगवायला गेला. आमचे हे त्याच छापखान्यात लाकडावर ठसे कोरत. कागदावरचं चित्र लाकडावर उलटं उतरवायचं आणि पटाशीनं कोरायचं, हे त्यांचं काम. चित्रच नाही तर कोरणार काय? मालक म्हणाले, "चित्रं तुम्ही मिळवा, नाहीतर मी ठसे पुण्याहून आणवीन." म्हणजे यांचं काम गेलंच.

आम्ही छापखान्यामागच्या खोलीत राहत होतो. मी चौथी शिकलेली. चित्रकला कुणी शिकवली नव्हती, पण आळीतल्या बायका भरतकामासाठी उशीचे अभ्रे घेऊन येत. मी त्यांवर पेन्सिलीनं वेली, राघू-मैना काढून देई. एकदा जेवताना हे म्हणाले, "अगं, कागदावर काढशील का?"

"अभ्रा चुकला तर धुता येतो," मी म्हटलं.

"कागद चुकला तर चुलीत जातो. ते त्याहून सोपं."

पहिलंच काम जामखेडच्या एका तपकीरवाल्या शेठचं आलं. पुडीवर गरुड हवा होता. गरुड मी कधी पाहिला नव्हता. पंख आभाळातल्या घारी बघून काढले, बाकीचा मनानं. यांनी कागद बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता घेऊन गेले. मालकांना सांगितलं, ओळखीच्या माणसानं काढलंय. बाईनं काढलं म्हटलं असतं तर मालकांनी ते बघितलंही नसतं. आणि मला कुणासमोर यायचंच नव्हतं.

पुड्या छापून गेल्या. पुढं एका सकाळी मी तांदूळ निवडत बसले होते, तर मधल्या दारापलीकडून शेठचा आवाज आला.

"मालक, तुमी गरुड दिलाय का राघू?"

"गरुड. खाली लिहिलंय की."

"लिवलेलं वाचतंय कोन? बाजारात म्हाताऱ्या म्हनत्यात, राघूची तपकीर दे. गरुड म्हनलं की पुडी हातात घेत न्हाईत. ह्याच्या गळ्यात कंठ हाय, बगा की!"

सूप माझ्या हातात तसंच राहिलं. अभ्र्यावरच्या राघूला काढते तसा गळ्याभोवतीचा पट्टा, कंठ, मी सवयीनं गरुडालाही काढला होता. आता ठसे पुण्याहून येणार, एवढंच मनात आलं.

"तुमच्या त्या माणसाला डोळे आहेत का?" मालकांनी यांना विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," शेठ म्हणाले. "माल खपतोय. बाकदार नाक तपकिरीला शोभतंय बी. चित्र हेच ठेवा, नाव तेवडं बदला. लिवा, पोपट छाप."

"पोपट नको," मी दाराआडून म्हटलं. कसं म्हटलं, मला अजून कळत नाही. "मागणाऱ्या राघू म्हणतात, तर राघूच लिहा."

शेठचा आवाज दाराच्या दिशेनं वळला.

"ह्या कोन?"

हे खाकरले. "चित्र काढणारी हीच. आमची मंडळी."

शेठ मोठ्यांदा हसले. "मंग बराबर हाय! गरुडाला मंगळसूत्र घालनारी बाईच असनार!"

मालकही हसले असावेत, कारण पुढचं त्यांनी जरा मऊ आवाजात विचारलं. "एका अत्तरवाल्याला मोगऱ्याचा वेल हवाय. जमेल का, विचारा त्यांना."

यांनी मला विचारलंच नाही. "जमेल," म्हणाले.

संध्याकाळी हे उंबऱ्यात बसून पटाशीला धार लावत होते. मी विचारलं, "कोरताना तुम्हाला तो राघू दिसला नव्हता?"

"कागद हातात घेतला तेव्हाच दिसला."

"मग सांगायचं नाही? काम गेलं असतं ना!"

ते धार लावतच राहिले. "तू पहिल्यांदा कागदावर काढलेलं. त्याला नाव कसं ठेवू?" मग पटाशीची धार अंगठ्यानं बघत म्हणाले, "कंठ तर मी जरा खोलच कोरला. छान दिसत होता."