हिल्ट्रूडचे डोळे आणि चोवीस महिने

रोज दुपारी पावणेतीनला एकेहार्ट अंगातला चौकडीचा सदरा काढायचा आणि गडद निळा, बिनरेघांचा घालायचा. मग खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवायचा, म्हणजे उजेड हातांवर पडे. चौकडीवर बोटं हरवतात, निळ्यावर नीट दिसतात. तीनला उल्मच्या वृद्धाश्रमात त्याची मोठी बहीण हिल्ट्रूड टॅबलेटसमोर येऊन बसे, आणि दोघं बोलायला लागत. हातांनी. दोघंही जन्मापासून बहिरी होती.

पूर्व जर्मनीतल्या क्लाइन-वुस्ट्रोमध्ये, आमच्या गल्लीत, अशी एकही खिडकी नव्हती जी एकेहार्टने दुरुस्त केली नव्हती. सहकारी सुतारशाळेत तो तीस वर्षं होता. बर्लिनची भिंत पडली, सुतारशाळा बंद झाली, तेव्हा त्याने अवजारं घरी आणली आणि काम चालू ठेवलं. त्याच सुमाराला हिल्ट्रूड लग्न करून दक्षिणेला गेली. आधी पत्रं, मग फॅक्स. कागदावर त्यांना एकमेकांशी बोलायला कधीच नीट जमलं नाही. कागदावरची भाषा बहिऱ्यांच्या शाळेची होती. त्या शाळेत वर्गात हात हलवले तर पट्टी बसायची, म्हणून ही दोघं बाकाखाली बोलायची. हिल्ट्रूडने त्याचं नाव ठेवलं होतं गुडघ्यावर दोन बोटं आपटून, कारण त्याचं ढोपर कायम सोललेलं असे. सत्तरी उलटली तरी ती त्याला ढोपऱ्याच म्हणे.

टॅबलेटवर तिचे हात पहिल्यांदा हलताना दिसले त्या दिवशी तो आमच्या गल्लीत दारोदार जाऊन सगळ्यांना सांगत होता. कोणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी मान हलवली.

मग दोन गोष्टी एकाच उन्हाळ्यात झाल्या. हिल्ट्रूडच्या डोळ्यांबद्दल डॉक्टरांनी सांगितलं की उरलेली नजर फार तर वर्षभर टिकेल, कदाचित त्याहून कमी. आणि एकेहार्टने सुपरमार्केटबाहेरच्या टेबलावर नव्या इंटरनेटचा करार केला. विकणाऱ्या मुलीने कागदावर वेग म्हणून मोठ्ठा शंभर लिहिला, पुढे उद्गारचिन्ह काढलं. एकेहार्टचा लिहिलेल्यावर विश्वास होता. त्याने सही केली. शंभराच्या आधी बारीक अक्षरात ‘कमाल’ होतं, आणि खाली ‘चोवीस महिने’.

सकाळी लाईन बरी चाले. पण दुपारी दोनला शाळा सुटली, लोक कामावरून परतायला लागले, की सगळं गाव एकाच तारेवर येऊन बसे. हिल्ट्रूडचा हात कपाळापाशी जाई आणि तिथेच थिजे. तो परत हले तेव्हा वाक्य निघून गेलेलं असे. ऐकणाऱ्या माणसाला निदान आवाजाचे तुकडे मिळतात, त्यावरून जुळवता येतं. इथे नुसता थांबलेला हात. एकेक गोष्ट तीनतीनदा सांगावी लागे, आणि वीस मिनिटांत तिचे डोळे पाणावून मिटायला लागत. सकाळी बोलून पाहिलं, पण तिची खोली पश्चिमेची होती. सकाळच्या अंधुक उजेडात तिला भावाच्या जागी फक्त सावली दिसे.

“तूच जा ना तिकडे राहायला,” शेजारची अनेग्रेट त्याच्याकडे तोंड करून, सावकाश ओठ हलवत म्हणाली. चाळीस वर्षांच्या शेजाराने ती थोडे हात शिकली होती, तो तिचे ओठ वाचायला.

“दहा तासांचा प्रवास, चार गाड्या बदलायच्या,” त्याने हातांनी सांगितलं. “आणि तिच्या खोलीत पलंग एकच.”

“मग कंपनी बदल.”

“फोनवरच बोलतात म्हणे ते.”

म्हणून अनेग्रेटने फोन लावला. वाट बघायला लावणारं गाणं संपेपर्यंत दोघं कॉफी पीत बसली. शेवटी एक बाई आली.

“करार कोणाच्या नावावर आहे?”

“एकेहार्ट व्होल्टर. माझ्या शेजारीच बसलाय.”

“मग त्यांना फोन द्या. खात्रीसाठी त्यांनी स्वतः बोलावं लागतं.”

“अहो, तो बहिरा आहे.”

“हरकत नाही, मी मोठ्याने बोलते.”

अनेग्रेटने हताश होऊन फोन त्याच्या तोंडाशी धरला आणि मान हलवली. शाळेत पट्टी मारून शिकवलेला आवाज एकेहार्टने कित्येक वर्षांनी बाहेर काढला. “हो,” तो म्हणाला. “मी. व्होल्टर.”

“साहेब, नीट ऐकू येत नाहीये,” बाई म्हणाली. “तुमची लाईन खराब दिसतेय.”

“तेच सांगतेय मी केव्हाची!” अनेग्रेट ओरडली.

निष्पन्न एवढंच झालं की करार अजून एकवीस महिने बाकी होता. त्याआधी सुटायचं तर लाईन खराब असल्याचं सिद्ध करायचं. त्यासाठी सरकारी प्रोग्राम होता. संगणक तारेने जोडायचा, एक दिवस आड असे तीन दिवस, रोज दहा वेळा वेग मोजायचा. मोजत असताना लाईनवर दुसरं काहीही चालू ठेवायचं नाही.

मोजणं हे एकेहार्टचं आयुष्यभराचं काम. अनेग्रेटचा जुना लॅपटॉप आणून त्याने तीन दिवस पहाटे उठून तीस मोजण्या केल्या, सुबक अक्षरात एका फळीवर लिहून काढल्या, मग कागदावर उतरवल्या. पंधरा दिवसांनी पत्र आलं. आपली लाईन करारानुसार आहे, कळावे.

अनेग्रेटने आकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. “सकाळी मोजलंस? अरे बाबा, सकाळी कोण वापरतंय! दुपारी मोजायचं.”

“दुपारी हिल्ट्रूड असते.”

“म्हणूनच ना!”

त्याला कळलं नव्हतं असं नाही. खराब वेळ मोजायची म्हणजे तीच वेळ द्यायची. तोवर सप्टेंबर संपत आला होता, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष पुढे सरकत होतं, त्यातल्या कुठल्या दुपारी काय होईल हे कोणी सांगितलं नव्हतं. सुताराला एक बरं असतं, माप घेईपर्यंत लाकूड जागेवर राहतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्याने बहिणीलाच विचारलं.

“तीन दिवस बोलायचं नाही?” हिल्ट्रूडचे हात मोठे झाले. “माझे डोळे काय बरणीत घालून ठेवू तोवर?”

“एक दिवस आड. मधल्या दिवशी बोलू.”

“आणि नाही मोजलंस तर?”

“तर हे असंच. वीस महिने.”

ती खिडकीकडे पाहत राहिली. मग वळली, हात उचलले, आणि बोलायला सुरुवात केली. चित्र थिजलं. उजवा हात छातीपाशी, डावा हवेत, तोंड किंचित उघडं. एकेहार्ट पुढे झुकून बसला. बराच वेळ गेला.

चित्र हललं तेव्हा ती म्हणत होती, “म्हणून म्हणते, मोज.”

“कशासाठी? मला काही दिसलं नाही. परत सांग.”

“नाही सांगत. हात दुखतात. मोज म्हटलं ना?”

ती काय म्हणाली होती ते त्याला कधीच कळलं नाही. पुढे एकदा विचारलं तर तिला आठवत नव्हतं, किंवा तिने तसं सांगितलं.

त्या तीन दुपारी तो चौकडीच्या सदऱ्यातच बसला. अनेग्रेट प्लमचा केक घेऊन आली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पडद्यावर आकडे येत होते. नऊ. सात. अकरा. पुन्हा सात. इतके वाईट आकडे मिळाल्यावर माणसाने खूष व्हायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या हवामानाच्या नकाशावर उल्मला कडक ऊन होतं, त्या उजेडात हिल्ट्रूडला चांगलं दिसलं असतं.

कंपनीने मग एक तंत्रज्ञ पाठवला. तो भिंतीतल्या खोक्यात डोकं घालून भराभर बोलत होता. एकेहार्टने त्याच्या खांद्याला हात लावून त्याला वळवलं.

“माफ करा,” तंत्रज्ञ म्हणाला, आता तोंडासमोर. “तांब्याची तार आहे, पाच किलोमीटर लांब. तुमच्याकडे शंभर कधी येणारच नव्हतं.”

एकेहार्टने खिशातून पेन्सिल काढून त्याच्या कागदावर लिहिलं: हेच लिहून द्या.

तंत्रज्ञाने जरा विचार केला, आणि दिलं.

त्या कागदाच्या जोरावर नोव्हेंबरच्या अखेरीला करार संपला. एकेहार्टने मोबाईलच्या टॉवरवरून चालणारा डबा आणला, शेजारच्या गावाच्या टॉवरकडे तोंड करून अँटेना स्वतः छपराला ठोकली, आणि खाली येऊन निळा सदरा घातला. त्या दिवशी चित्र एकदाही थांबलं नाही. हिल्ट्रूड पडद्याच्या इतक्या जवळ आली की फक्त तिचा डोळा आणि गाल दिसत होता. मग मागे सरली.

“तुझा अंगठा अजून वाकडाच आहे,” ती म्हणाली.

“करवतीने वाकवलाय. सरळ कसा होणार?”

“पूर्वी लाज वाटून लपवायचास.”

“पूर्वी चित्र थिजायचं, तुला दिसत कुठे होता!”

त्यांना बेचाळीस दुपारी मिळाल्या. शेवटी शेवटी तो बाह्या वर करून, हात सावकाश आणि मोठे करून बोलायचा, ती निम्मं बघायची आणि निम्मं ओळखायची, पण मधे कुणी तोडत नव्हतं. जानेवारीतल्या एका सकाळी तिच्या त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्यातही रक्त उतरलं, आणि उरलेली नजर गेली. आता तो महिन्यातून एकदा चार गाड्या बदलून जातो. ती त्याच्या हातांवर आपले हात ठेवते, तो बोलतो आणि तिचे हात त्याच्याबरोबर फिरतात. मधल्या दिवसांत तिच्याशी कोणी बोलत नाही.

वसंतात अनेग्रेटने एकदा त्याला विचारलं, त्या तीन दुपारी वाया गेल्या असं वाटतं का. तो म्हणाला, पहाटेचे तीन दिवस वाया गेले. दुपारच्यांचं त्याला ठरवता येत नव्हतं.

डोळा जाण्याच्या आदल्या दुपारी ती दोघं बटाट्याच्या सुपाबद्दल बोलत होती. आश्रमात त्यात मार्जोरमचा वाळका पाला घालत नाहीत अशी हिल्ट्रूडची तक्रार होती. आई किती घालायची यावर वाद झाला. तो सांगत होता चिमूटभर, ती मूठ दाखवत होती. मधेच एकेहार्टने मान वळवली, उठला, आणि जाता जाता तिच्याकडे वळून हात केले. तो परत आला तोवर तिला कॉफीसाठी खाली नेलं होतं. भावाचं तिने डोळ्यांनी पाहिलेलं शेवटचं बोलणं ते होतं.

“थांब, दूध उतू जातंय. आलोच.”