बेडकाची दुसरी फेरी

बेडूक बारीक झाला होता, ही माझ्या वडिलांची पहिली तक्रार. जुन्या खेळात तो चांगला गलेलठ्ठ होता, गाडीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर सांडायचा. नव्या भागात त्याला चक्क कंबर आली होती.

"ह्याला उपाशी कोण ठेवला गे?" अप्पा म्हणाले, आणि तरीही त्यालाच निवडलं.

खेळ म्हणजे छोट्या गाड्यांची शर्यत. वेगवेगळ्या व्हिडिओ गेममधली पात्रं एकाच रस्त्यावर आणून सोडलेली: दाढीवाला शिपाई, जांभळ्या केसांची राजकन्या, एक यंत्रमानव आणि आमचा बेडूक. पहिला भाग मी लॉकडाउनमध्ये आणला. मी तंजावूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, लग्न केलेलं नाही, आणि चिडले की मला काहीतरी जोरात पळवावंसं वाटतं. अप्पा आधी नुसते बघत बसायचे. मग एक दिवस म्हणाले, "दे इकडे, तुला वळायला येत नाहीं." तेव्हापासून संध्याकाळच्या कॉफीनंतर तीन शर्यती हा आमचा नेम झाला. देवापाशी दिवा लावायला एखादे दिवशी उशीर व्हायचा, शर्यतीला नाही.

अप्पा पाटबंधारे खात्यात होते. कालव्यांच्या बांधांवरून मोपेड हाकण्यात त्यांची उभी हयात गेली. बांधावरची वाट एका गाडीपुरती, त्यामुळे तिथला कायदा असा की रिकाम्यानं भरलेल्याला वाट द्यायची. समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई आली, तर साहेबानंसुद्धा पाय टेकून थांबायचं. हा कायदा अप्पांनी खेळातही आणला. कुणाच्या गाडीवर बाणांची पेटी दिसली की ते बाजूला व्हायचे. "त्याच्याकडे ओझें आहे," म्हणायचे. त्याच ओझ्यानं तो पुढच्या क्षणी ह्यांना उडवून लावायचा, आणि मी कपाळाला हात लावायचे.

पण पहिल्या भागात ते खपून जायचं. तो जोडीचा खेळ होता. दोघांचे गुण एकत्र धरायचे. पुढच्याच्या मागे रस्त्यावर पिवळा पट्टा उमटायचा, मागच्यानं त्यावरून गाडी नेली की तिला वेग मिळायचा. मला सापडलेली पेटी मी अप्पांकडे फेकू शकायचे. ते सगळ्या जगाला वाट देत सातवे यायचे, मी पहिली, आणि तरी जिंकायचो आम्हीच. रस्ते तेच असायचे, तिन्ही फेऱ्यांत तेच. धबधब्यामागची आडवाट तर अप्पा कॉफीचा टंबलर मांडीत धरून, पडद्याकडे न बघता घ्यायचे.

नवा भाग बंगळूरहून माझ्या धाकट्या भावानं पाठवला. तो खेळ येण्याच्या आठवडाभर आधी जे घडलं, ते घडलं नसतं तर मी त्या खेळाकडे खेळ म्हणूनच बघितलं असतं.

पापनाशमच्या अलीकडे आमचं थोडं भाताचं शेत आहे, दुसऱ्याला कसायला दिलेलं. अप्पा दर गुरुवारी मोपेडवरून ते बघून येतात. बघण्यासारखं काही नसतं. पाणी आलंय का बघतात, बांधावर उभे राहतात, दोनपर्यंत जेवायला घरी. त्या गुरुवारी ते पावणेपाचला आले. मी फाटकाशी उभी होते, जीव टांगणीला लागलेला. ते म्हणाले, "रस्ता बंद होता," आणि हातपाय धुवायला गेले. सकाळी मी स्वतः भरून आणलेली टाकी कोरडी ठणठणीत होती. शेताला जाऊन येऊन तेवढं पेट्रोल चार वेळा पुरतं.

माझे थोरले काका असेच सुरू झाले होते. आधी रस्ते गेले, मग माणसं गेली. शेवटी ते स्वतःच्या बायकोला "कोण तुम्ही?" विचारायचे, फार अदबीनं. त्यामुळे मी जास्त विचार न करता मोपेडची चावी उचलली आणि इडलीच्या तांदळाच्या डब्यात खाली खुपसली. अप्पा विचारतील, मग भांडू, असा माझा हिशेब. त्यांनी विचारलंच नाही. त्याचाच मला जास्त धसका बसला.

अशात तो नवा खेळ आला. दिसायला सुंदर, ह्यात वाद नाही. पाणी खऱ्या पाण्यासारखं चमकतं, गाडीला आपल्या आवडीची चाकं न् पंख लावता येतात. अप्पांनी अर्धा तास चाकं निवडण्यात घालवला. पण जोडी गेली. जो तो आपापला, पिवळा पट्टा नाही, पेटी कुणाला देता येत नाही. आणि मुख्य बदल असा की पहिली फेरी संपता संपता रस्त्यावर एक मोठं तेजस्वी कडं उघडतं. सगळ्या गाड्या त्यातून जातात आणि दुसरी फेरी एकदम भलत्याच जगात सुरू होते. कधी वाळवंट, कधी बर्फ. तिसऱ्या फेरीला परत पहिल्या रस्त्यावर.

पहिली फेरी अप्पांनी झकास काढली. कड्यातून गेल्यावर बेडूक थांबला. धडकला नाही, घसरला नाही, बर्फाच्या मधोमध नुसता थांबला, आणि बाजूनं अकरा गाड्या निघून गेल्या. मी बघितलं तर अप्पांचा अंगठा बटणावरून उचललेला होता.

"काय झालं, अप्पा?"

"काहीं नाहीं. सिग्नल आहे."

बर्फात कुठला आला सिग्नल?

दुसऱ्या दिवसापासून मी यादी करायला लागले. उत्तरपत्रिकेच्या पुरवणीवर दोन रकाने पाडले. एकात बांधाच्या सवयीच्या चुका, म्हणजे वाट देणं, ओझ्याला मान देणं. त्या जुन्याच, त्यांचं भय नाही. दुसऱ्यात नव्या चुका. यादी मी देवनागरीत लिहायचे. आमच्या घरात मराठी बोलतात आणि तमिळ वाचतात. मी ही लिपी मोठेपणी हट्टानं शिकले, अप्पांना ती येत नाही. त्यामुळे कागद राजरोस टीव्हीशेजारी पडलेला असायचा. आठ दिवसांत दुसरा रकाना भरला, आणि त्यातली प्रत्येक चूक दुसऱ्या फेरीतली होती.

चावी लपवल्याचं भावाला ठाऊक होतं. त्याला मी फोनवर सांगितलं की हा खेळच भिकार आहे. जुना कसा घट्ट विणलेला होता, ह्यात नुसती आतषबाजी, माणसानं लक्ष द्यायचं कुठे? मी इतकी तावातावानं बोलले की तो शेवटी हसला.

"अक्का, सगळे म्हणतात हा जुन्यापेक्षा चांगला आहे."

"सगळ्यांना काय कळतंय?"

"चावी परत देऊ नकोस," तो म्हणाला. आता हसत नव्हता.

रविवारी मी जुनी डिस्क काढून लावली. अप्पांना म्हटलं, आज जुनंच खेळू. खरं तर ती परीक्षा होती. गलेलठ्ठ बेडूक आला. तिन्ही शर्यतींत तो कुठेही अडखळला नाही. धबधब्यामागची आडवाट घेतली, मला पेटी फेकली, शिपायाला वाट दिली, यंत्रमानवाला वाट दिली. तिन्ही शर्यती आम्ही जिंकलो. मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. म्हणजे खोट खेळातच होती! मी स्वयंपाकघरात धावले, कोपरापर्यंत हात घालून डब्यातून चावी काढली आणि बाहेर आले.

अप्पांच्या हातात माझी यादी होती. उलटी धरलेली.

"माझ्याबद्दल आहे न हें?" ते म्हणाले. "मला कळूं नये म्हणून ह्या अक्षरांत लिहितेस. आणि चावी तांदळांत ठेवतेस. दोन्ही ठाऊक आहे मला."

मला इतकी लाज वाटली की मी यादी हिसकावूनही घेतली नाही. "आता काही नाही अप्पा, आज बघितलंत ना, एकही चूक नाही," मी चावी पुढे केली.

त्यांनी ती घेतली नाही. पडद्याकडे बोट केलं. "हें घर आहे गे. घरांत आंधळाही चालतो. नव्यांत त्या कड्यांतून गेल्यावर मला क्षणभर कळतच नाहीं, कोठून आलो." मग म्हणाले, "त्या दिवशी तसेंच झालें. नवीन बायपासचा रौंडाना आहे न, तो गोल चौक, त्यांत शिरलो. बाहेर आलो तर सगळें वेगळें. कोठें कोठें गेलो, तें अजून ठाऊक नाहीं."

"कुणाला विचारलं नाहीत का?"

"मी विचारूं?" ते एवढंच म्हणाले.

फोनमधली बाई रस्ता सांगते, हे मी त्यांना पूर्वीच दाखवलं होतं. तिनं कधी कालवा बघितलाय का, असं म्हणून त्यांनी तिला कायमचं गप्प केलं होतं. मी चावी आमच्या दोघांच्या मध्ये, टीपॉयवर ठेवली. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं ठरलं. एरवी डॉक्टर म्हटलं की अंगावर येणारे अप्पा "सरि, जाऊं" म्हणाले आणि गेलेसुद्धा. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या, आणि एकट्यानं गाडी चालवू नका म्हणून सांगितलं.

गुरुवारी मी रजा टाकली. आम्ही दोघं निघालो, अप्पा पुढे, मी मागे. गाव संपेपर्यंत ते मोपेड अशी चालवत होते की मला डॉक्टरांचा राग यायला लागला. बायपासच्या गोल चौकाशी मागून टाउन बसनं हॉर्न दिला. बस माणसांनी भरलेली होती. अप्पांनी बाजूला घेऊन तिला वाट दिली. मग पाय टेकला.

समोर चार रस्ते फुटत होते. चारही नवे, चारही सारखे, चहूकडे भात. त्यांना आठवेल, अजून आठवेल, म्हणून मी मनात दहापर्यंत मोजत राहिले.

अर्धा तालुका ज्यांना पाण्याची वाट विचारायला घरी यायचा, त्यांनी मान न वळवता मला विचारलं, "आतां कोठें गे?"

मी मागूनच डावीकडे बोट दाखवलं, पण पुढे बघणाऱ्या अप्पांना ते दिसलं नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं.